चिमूटभर रंग आणि प्रकाशाचा जोर

वर्गात अपवर्तनाचा धडा घेताना आपण फळ्यावर आकडे लिहितो: पाण्याचा अपवर्तनांक १.३३, काचेचा १.५. हे आकडे कोणत्या रंगाच्या प्रकाशासाठी आहेत, हे काही शिक्षक आवर्जून सांगतात. एखादा तापमानाचाही उल्लेख करतो. पण 'प्रकाश किती प्रखर होता?' असा प्रश्न कोणी विचारत नाही आणि कोणाला तो सुचतही नाही. मेणबत्तीचा उजेड असो की भर दुपारचे ऊन, काचेचा अपवर्तनांक तोच, हे आपण न बोलता गृहीत धरलेले असते. दोन टॉर्चचे झोत एकमेकांना छेदून गेले तर कोणीही कोणाला अडवत नाही की वळवत नाही, हेही त्याच गृहीतकाचे दुसरे रूप आहे. प्रकाश पदार्थातून जातो, पण पदार्थाला बदलत नाही.

हे गृहीतक चुकीचे आहे, पण व्यवहारात त्याने आपले कधी अडत नाही. प्रकाश म्हणजे विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांची लाट. पदार्थातील इलेक्ट्रॉन या विद्युत क्षेत्राबरोबर डोलतात. क्षेत्र दुप्पट तर डोलणे दुप्पट, असा सरळ हिशोब जोवर चालतो तोवर अपवर्तनांक प्रकाशाच्या तीव्रतेवर अवलंबून राहत नाही. क्षेत्र फार मोठे झाले की हा सरळ हिशोब मोडतो. आलेखावरची रेषा वाकते, म्हणून या शाखेला अरेषीय प्रकाशिकी हे नाव पडले.

१९६० साली लेझर आला आणि रेषा वाकलेली दिसू लागली. १९६१ मध्ये अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात पीटर फ्रँकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणिक-लेझरचा ६९४.३ नॅनोमीटरचा लाल प्रकाश क्वार्ट्झच्या स्फटिकातून पाठवला. पलीकडे नेमक्या निम्म्या तरंगलांबीचा, ३४७.२ नॅनोमीटरचा, अतिनील प्रकाश किंचित मिळाला. त्या शोधनिबंधातील छायाचित्रात हा पुरावा म्हणजे एक फिकट ठिपका होता. छपाईच्या वेळी तो ठिपका डाग समजून पुसला गेला आणि छापील पानावर उरला तो कशाकडेही न दाखवणारा बाण!

ठिपका एवढा फिकट का होता, हे पुढच्या आकड्यांवरून कळते. साध्या काचेचा अपवर्तनांक केवळ प्रकाशाच्या जोरावर ०.०१ ने बदलायचा, तर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ३० लाख कोटी वॅट एवढी तीव्रता लागते. जमिनीवर पडणाऱ्या भर उन्हाची तीव्रता असते ०.१ वॅट. प्रकाशाचा अगदी क्षणार्धाचा स्पंद वापरला नाही, तर त्या तीव्रतेच्या किती तरी आधीच काच फुटते. असे असताना एका पदार्थात एवढाच बदल साध्या लेझर पॉइंटरने होऊ शकतो, असे म्हटले तर वाचकांचा विश्वास बसणार नाही. हा पदार्थ म्हणजे चिमूटभर रंग घातलेला द्रवस्फटिक.

द्रवस्फटिकाचा शोध १८८८ सालचा. प्रागमधील वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रिड्रिश रायनिट्झर यांच्या हाती एक चमत्कारिक पदार्थ होता, कोलेस्टेरिल बेंझोएट. तो १४५.५ अंश सेल्सिअसला वितळला, पण वितळून झाला गढूळ द्रव. १७८.५ अंशांना तो गढूळपणा एकाएकी नाहीसा झाला आणि द्रव स्वच्छ झाला. एकाच पदार्थाला जणू दोन वितळणबिंदू! या दोन तापमानांच्या मधली अवस्था द्रवासारखी वाहते, पण तिच्या रेणूंत स्फटिकासारखी थोडी शिस्त असते.

आपल्याला इथे हवा आहे तो त्यातला सर्वांत साधा प्रकार, नेमॅटिक. याचे रेणू काडीसारखे लांबट असतात. काड्यांची जागा ठरलेली नसते, त्या एकमेकींवरून घसरत राहतात. पण सगळ्यांचा कल साधारण एकाच दिशेला असतो. नदीतून वाहत जाणाऱ्या ओंडक्यांसारखे म्हणा. प्रयोगशाळेत सर्रास वापरला जाणारा नेमॅटिक म्हणजे '५ सीबी'. इंग्लंडमधील हल येथे जॉर्ज ग्रे यांच्या गटाने तो १९७३ साली जगासमोर आणला. तो साधारण २४ ते ३५ अंशांच्या दरम्यान नेमॅटिक असतो. म्हणजे मे महिन्यात नागपुरात त्याची बाटली टेबलावर उघडी ठेवली तर तो दुपारी स्वच्छ द्रव झालेला असेल आणि थंड खोलीत नेला की पुन्हा दुधाळ!

सगळ्या काड्या एका दिशेला असल्याने या द्रवाला दोन अपवर्तनांक असतात. प्रकाशाचे विद्युत क्षेत्र काड्यांच्या लांबीच्या दिशेने डोलत असेल तर सुमारे १.७२, आडवे डोलत असेल तर सुमारे १.५३. फरक ०.१९, म्हणजे काही थोडाथोडका नव्हे. ज्या प्रकाशाचे क्षेत्र एकाच ठरावीक दिशेत डोलते त्याला ध्रुवित प्रकाश म्हणतात. गणकयंत्राच्या पडद्यावरून येणारा प्रकाश असा ध्रुवित असतो. ध्रुवक काचांचा गॉगल मिळाला तर तो पडद्यासमोर धरून हळूहळू फिरवून पाहावा: एका स्थितीत आकडे दिसतात, तर दुसऱ्या स्थितीत सगळा पडदा काळा पडतो. संगणकाच्या द्रवस्फटिकी पडद्यावर फक्त पांढरे पान उघडून, गॉगल आणि पडदा यांच्यामध्ये चिकटपट्टीचे तीन-चार थर दिलेली काच धरली, तर रंगांचे पट्टे उमटतात. चिकटपट्टीलाही दोन अपवर्तनांक असतात, हे त्याचे कारण.

आता मुख्य मुद्दा. काचेत अपवर्तनांक बदलायचा तर अणूतील इलेक्ट्रॉनांची घट्ट मांडणी ताणावी लागते. नेमॅटिकमध्ये तसे काही करावे लागत नाही. काड्या नुसत्या फिरवल्या की झाले. ०.१९ चा फरक तिथे तयारच आहे. शिवाय काड्या एकमेकींचे पाहून वागतात. एक वळली की शेजारणी थोड्याथोड्या वळतात, त्यामुळे क्षीण क्षेत्रालाही कोट्यवधी रेणूंचा समूह एकदम वळवता येतो.

क्षेत्राने काड्या वळतात हे लेनिनग्राडमध्ये व्सेव्होलोद फ्रेडेरिक्स यांनी १९२७ च्या सुमारास चुंबक वापरून दाखवले होते. त्यांच्या प्रयोगातील एक बारकावा आपल्याला पुढे लागणार आहे. दोन काचांमध्ये शंभर मायक्रोमीटरची, म्हणजे सुमारे केसाच्या जाडीची, फट ठेवून तीत नेमॅटिक भरतात. काचांना आधी लेसिथिनसारख्या पदार्थाचा हात दिला, तर काड्या काचेवर काटकोनात उभ्या राहतात. काचेलगतच्या काड्या जागच्या हलत नाहीत आणि त्या मधल्यांनाही उभे धरून ठेवतात. बाहेरून आडवे क्षेत्र लावले तरी सुरुवातीला काहीच घडत नाही. क्षेत्र एका मर्यादेपलीकडे गेले की मात्र मधल्या काड्या एकाएकी कलू लागतात. या मर्यादेला आपण उंबरठा म्हणू. क्षेत्राचा फिरवण्याचा जोर, ज्याला आम्ही इथे साध्या भाषेत पीळ म्हणणार आहोत, काचेच्या धरून ठेवण्यावर मात करतो तो हा क्षण.

१९८० आणि १९८१ मध्ये आधी मॉस्कोच्या आणि नंतर अमेरिकेतील बर्कलीच्या संशोधकांनी चुंबकाच्या जागी नुसता लेझरचा प्रकाश वापरून हाच उंबरठा ओलांडला. प्रकाशाची तीव्रता दर चौरस सेंटिमीटरला शंभर वॅटच्या घरात नेली की काड्या वळत. त्याची खूणही देखणी आहे. झोताच्या मध्यभागी प्रकाश अधिक, म्हणून तिथल्या काड्या अधिक वळतात, अपवर्तनांक तिथे अधिक वाढतो आणि तिथला प्रकाश कडेच्या प्रकाशाच्या मागे पडतो. या मागेपुढे होण्यामुळे समोरच्या भिंतीवर साध्या ठिपक्याऐवजी एकात एक वर्तुळे उमटतात. मध्यभागीचा प्रकाश जितक्या तरंगलांबींनी मागे पडेल, साधारण तितकी कडी. शंभर मायक्रोमीटरच्या थरातील काड्या पूर्ण आडव्या झाल्या तर मार्गातील फरक १०० गुणिले ०.१९, म्हणजे १९ मायक्रोमीटर. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ०.५१ मायक्रोमीटर धरली, तर कडी होतात जास्तीत जास्त ३७. बारावीच्या विद्यार्थ्यांना हे गणित सहज करता येईल.

इथपर्यंत सगळे अपेक्षेप्रमाणे आहे. पुढची गोष्ट कोणाच्या अपेक्षेत नव्हती.

नेमॅटिकमध्ये रंग मिसळला तर काय व्हावे? रंग म्हणजे प्रकाश शोषणारा पदार्थ. तो प्रकाश खाणार, थर तापवणार आणि काड्यांची शिस्त थोडी बिघडवणार. वळवण्याच्या कामात त्याची मदत होईल असे मानायला काहीच कारण नव्हते. १९९० मध्ये बुडापेस्टचे इश्त्वान यानोशी आणि त्यांचे सहकारी लॉइड व व्हेरेट यांनी अँथ्राक्विनोन वर्गातील रंग अगदी अल्प प्रमाणात मिसळून तोच प्रयोग केला. उंबरठा खाली आला, आणि थोडाथोडका नव्हे, सुमारे शंभरपट. जिथे शंभर वॅट लागत होते तिथे एका वॅटच्या आसपास काम होऊ लागले. एक मिलिवॅटचा लेझर पॉइंटर भिंगाने एक दशांश मिलिमीटर व्यासाच्या ठिपक्यावर एकवटला तर तीव्रता भरते सुमारे १३ वॅट. म्हणजे पुरून उरते. (पॉइंटरच्या झोतात डोळा कधीही आणू नये, हे विद्यार्थ्यांना दर वेळी नव्याने बजावायला हवे.)

अशा वेळी कोणाचीही पहिली शंका 'तापले असेल' हीच असते. आमच्या बाकावर काही अनपेक्षित दिसले की आम्हीही आधी हेच म्हणतो, आणि बहुतेक वेळा ते खरेही निघते. शोषणाऱ्या द्रवात लेझर सोडला की तापमान वाढते, तापमानाने अपवर्तनांक बदलतो आणि भिंतीवर कडी उमटू शकतात. तेव्हा नुसती कडी दिसली म्हणून काड्या वळल्या असे सिद्ध होत नाही. इथे उष्णतेला निर्दोष कसे ठरवायचे, हा या विषयातला सर्वांत शिकण्यासारखा भाग आहे असे आम्हाला वाटते.

पहिली गोष्ट, उष्णतेला दिशा नसते. सेल बाहेरून कोमट पाण्याने तापवली तर काड्यांची शिस्त सैलावते, पण त्या एका बाजूला कलत नाहीत. रंग घातलेल्या सेलमध्ये मात्र काड्या प्रकाशाच्या विद्युत क्षेत्राच्या दिशेनेच कलतात. क्षेत्राची दिशा बदला, कलण्याची दिशा बदलते. तापल्याने काड्यांची एकमेकींवरची पकड ढिली होते आणि उंबरठा थोडा उतरतो, हे खरे. पण मिलिवॅटच्या झोताने होणारी तापमानवाढ आमच्या ढोबळ हिशोबाने फार तर दोन-तीन अंशांची. तेवढ्याने शंभरपट फरक पडत नाही.

मग वेळ पाहावी. शंभर मायक्रोमीटरच्या थरातून उष्णता काचेत निघून जायला एका सेकंदाचा शंभरावा भाग पुरतो. काड्यांना मूळ जागी परतायला, द्रवाची श्यानता आणि काचेची ओढ लक्षात घेता, दहा-बारा सेकंद लागतात. झोत बंद करून परिणाम किती वेळ रेंगाळतो ते मोजले की गुन्हेगार कोण ते कळते. आणि शेवटचा पुरावा तर आम्हाला सर्वांत आवडतो: जवळपास सारखाच प्रकाश शोषणारे, एकाच घराण्यातले दोन रंग घ्या. दोन्ही सारखेच तापवणार. पण एक उंबरठा शंभरपट उतरवतो आणि दुसरा जवळजवळ काहीच करत नाही. किती प्रकाश शोषला यापेक्षा कोणी शोषला याला महत्त्व आहे. तेव्हा ही करणी उष्णतेची नव्हे, रेणूची.

पण उष्णता सुटली तरी कोडे सुटले नाही, उलट अवघड झाले. वस्तू फिरवायची तर कोणी तरी पीळ द्यायला हवा. बिनरंगाच्या नेमॅटिकमध्ये तो प्रकाशच देतो, आणि दिलेल्या पिळाची नोंद बाहेर पडणाऱ्या प्रकाशाच्या बदललेल्या ध्रुवणात मिळते. जमा-खर्च बरोबर जुळतो. रंग घातल्यावर पीळ शंभरपट झाला, पण प्रकाशाजवळ देण्यासारखा कोनीय संवेग शंभरपट झालेला नाही. मग वरचा पीळ आला कुठून?

यानोशी यांनी १९९४ मध्ये आणि नेपल्सच्या मारुची व पापारो यांनी १९९७ मध्ये याचे जे रेणवीय स्पष्टीकरण दिले, ते थोडक्यात असे. रंगाचा रेणूही लांबट असतो आणि शेजारच्या काड्यांबरोबर जुळवून राहतो. अंधारात हे रेणू काड्यांना ओढतात आणि काड्या त्यांना. सगळ्याची बेरीज शून्य. तिरपा ध्रुवित प्रकाश आला की तो निवड करतो: ज्या रेणूंची लांबी विद्युत क्षेत्राच्या दिशेत आहे तेच जास्त प्रमाणात शोषून उत्तेजित होतात. म्हणजे उत्तेजित रेणूंचा गट क्षेत्राच्या दिशेला झुकलेला असतो, आणि तेवढेच रेणू काढून घेतल्यामुळे उरलेला गट विरुद्ध बाजूला झुकलेला. दोन्ही गटांची काड्यांवरची पकड सारखी असती आणि ते सारख्याच सहजतेने वळत असते, तर बेरीज पुन्हा शून्यच आली असती. पण प्रकाश शोषल्यावर रेणूतील विद्युतभारांची मांडणी बदलते. उत्तेजित रेणू शेजाऱ्यांना अधिक घट्ट धरतो किंवा अधिक सावकाश वळतो. मग एका गटाचा जोर दुसऱ्यापेक्षा सरस ठरतो आणि काड्या क्षेत्राच्या दिशेने ओढल्या जातात. दोन सारख्या रंगांपैकी एकच का चालतो, याचेही उत्तर यातच आहे. ज्या रेणूच्या उत्तेजित आणि साध्या अवस्थेत पकडीचा फरकच नाही, तो कितीही प्रकाश खाऊन काही करू शकत नाही.

येथे प्रकाश ढकलत नाही. तो फक्त ऊर्जा देतो आणि निवड करतो. ढकलण्याचे काम रेणूंच्या नेहमीच्या, उष्णतेमुळे चाललेल्या धडपडीतून होते. सायकलचे फ्रीव्हील आठवा. पेडल पुढेमागे कसेही हलवले तरी चाकाला ओढ मिळते ती एकाच बाजूची. अमेरिकेतील पाल्फी-मुहोराई, कोसा आणि ई वाइनान यांनी २००२ मध्ये या परिणामाचे वर्णन रेणूंच्या अशाच एकदिश यंत्रासारखे केले. कोनीय संवेगाचा उरलेला हिशोब द्रवाच्या सूक्ष्म प्रवाहामार्फत अखेर सेलच्या काचेशी जाऊन जुळतो. प्रकाशाच्या खात्यात न सापडलेली रक्कम काचेच्या खात्यात होती, असे म्हणता येईल.

हे किती थोड्या रेणूंच्या जिवावर चालते तेही पाहण्यासारखे आहे. दर चौरस सेंटिमीटरला १० वॅटच्या लाल प्रकाशात एखाद्या निळ्या रंगाचा एक रेणू, आमच्या अंदाजाने, सेकंदाला दोनेक हजार वेळा उत्तेजित होतो. पण प्रत्येक वेळी तो त्या अवस्थेत राहतो एका सेकंदाचा जेमतेम अब्जावा भाग. म्हणजे कोणत्याही क्षणी रंगाच्या पाच लाख रेणूंतला एखादाच उत्तेजित असतो. रंगाचे प्रमाण मुळात शेकडा अर्धा धरले, तर सेलमधील दहा कोटी रेणूंमागे एक. त्या एकाच्या वेगळ्या पकडीमुळे बाकीचे वळतात.

रसायनशास्त्राच्या शिक्षकांना ओळखीचा वाटेल असाही एक रंग या कामी येतो: अनुमापनात दर्शक म्हणून वापरतात तो मिथिल रेड. हा अ‍ॅझो वर्गातला. प्रकाश शोषल्यावर याचा सरळ रेणू चक्क कोपरातून वाकतो, आणि वाकलेला रेणू शेजारच्या काड्यांच्या रांगेत बसत नाही. त्यामुळे येथे बदल एका नॅनोसेकंदाचा राहत नाही, फार जास्त टिकतो. अमेरिकेतील खू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये मिथिल रेड घातलेल्या नेमॅटिकमध्ये मोजलेला परिणाम बिनरंगाच्या नेमॅटिकपेक्षा साठपट आणि त्याहून अधिक भरला. त्यात प्रकाशामुळे थरात साचणाऱ्या विद्युतभारांचाही वाटा असतो, त्यामुळे त्याचा अर्थ लावणे अँथ्राक्विनोनपेक्षा कटकटीचे आहे. काही अ‍ॅझो रंग तर काड्यांना क्षेत्राकडे ओढण्याऐवजी त्याच्यापासून दूर लोटतात.

एवढा मोठा परिणाम फुकट मिळत नाही. त्याची किंमत वेळात मोजावी लागते. काचेतला क्षुल्लक बदल एका सेकंदाच्या लाख-कोटीव्या भागापेक्षाही लवकर होतो. आमच्या सेलमध्ये कडी उमटायला लागली की घड्याळाचा सेकंदकाटा पाहत बसावे लागते. म्हणून दूरसंचाराच्या तंतूंमध्ये प्रकाशाने प्रकाश बदलण्यासाठी हा पदार्थ कामाचा नाही. जिथे घाई नाही तिथे मात्र तो उपयोगी पडतो. दोन झोत एकमेकांवर पाडून थरात होलोग्राम लिहायचा आणि झोत काढले की तो आपोआप पुसला जाऊ द्यायचा, हे मिलिवॅटच्या लेझरने साधते. थर पातळ केला तर? जाडी दहापट कमी केल्यास परतण्याचा वेळ शंभरपट घटतो, बारा सेकंदांचे होतात सेकंदाचे बारा शतांश. पण त्याच वेळी काचा जवळ आल्याने मधल्या काड्यांवरची त्यांची पकडही शंभरपट वाढते आणि उंबरठा एका वॅटवरून पुन्हा शंभर वॅटवर जाऊन बसतो. म्हणजे रंगाने मिळवून दिलेले सगळे पातळ थर परत घेतो.